पाचवा परीषह

दिगंबर मुनींनी सोसायचे परीषह बावीस. तत्त्वार्थसूत्रात त्यांची ओळीने यादी आहे: भूक, तहान, थंडी, उष्णता, आणि पाचवा दंशमशक, म्हणजे डास-माश्यांचे चावे. सहावा नग्नत्वाचा. पाचव्यानंतर लगेच सहावा का, हे पावसाळ्यात उघड्या अंगाने एक रात्र काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाठशाळेत ही यादी आम्ही घोकली तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पुढे हिवताप खात्यात कीटक समाहारक म्हणून नोकरी लागली, पोट भरायचं साधनच डास झाले, आणि पाचवा परीषह माझ्या मागे लागला तो निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. डास चावला तरी हात उगारायचा नाही, मनात राग येऊ द्यायचा नाही, हा मुनींचा आदर्श. आणि मी तोंडात नळी धरून गोठ्याच्या भिंतीवरचे डास ओढून घेण्याचा पगार घेत होतो.

आम्ही शिरोळ तालुक्यातले शेतकरी जैन. जैन म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पेढीवरचा व्यापारी येतो. आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेले जैन आहेत, आणि फाळाखाली किती जीव जातात हे त्यांना कुणी प्रवचनातून सांगायची गरज नसते. आज्जी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्याने धुवायची आणि ते धुवण पोहऱ्यात घेऊन पुन्हा त्याच विहिरीत अलगद उतरवायची. वरून ओतलं तर जीव आपटून मरतात, म्हणून अलगद. त्या फडक्यावर वळवळणाऱ्यांत डासांच्या अळ्या असायच्याच. मी नोकरीत पाण्याच्या हौदांमध्ये टेमिफॉस मोजून टाकत असे. आज्जी तेव्हा हयात असती तर काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे. काहीच म्हणाली नसती. फक्त माझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

बदली गोंदियाला झाली आणि प्रश्न अधिक टोकदार झाला. तो मुलूख धानाचा. जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, आणि त्यांच्या पाण्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. रोवणी आटोपली की नजर जाईल तिथे गुडघ्याखालचं साचलेलं पाणी आणि त्यात शांत उभे बगळे. आमचं काम दिवेलागणीनंतरचं. टॉर्च घेऊन गोठ्यात शिरायचं, गुरांच्या अंगावरचे आणि भिंतींवरचे डास नळीने ओढायचे, माणशी ताशी किती मिळाले ते लिहायचं. एका गावात गोठ्याचा म्हातारा मालक बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ‘तुमी जैन ना जी? मंग मच्छर काहून मारता?’

मी म्हटलं, ‘मारत नाही बाबाजी, पकडतो.’

‘पकडून का करता मंग?’

पकडून इथरने मारतो, जातवार निवडतो, नळ्यांमध्ये भरतो आणि त्यांच्यात विषाणू आहे का ते तपासायला पाठवतो, हे खरं उत्तर होतं. ते मी त्याला दिलं. तो हसला नाही. ‘मंग मारताच ना,’ एवढंच म्हणाला.

हा तपास ज्या आजारासाठी चालायचा तो जपानी मेंदूज्वर. त्याचा विषाणू 1935 साली जपानमध्ये एका मृत रुग्णाच्या मेंदूतून वेगळा काढला गेला. आपल्या देशात त्याचे रुग्ण प्रथम ओळखू आले ते 1955 साली वेल्लोरच्या बाजूला. 1973 साली बंगालमध्ये बांकुडा आणि बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ आली, मग गोरखपूर, आणि 2005 सालच्या एकाच पावसाळ्यात पूर्व उत्तर प्रदेशात हजारावर माणसं दगावली. त्यांत बहुतेक मुलं. विदर्भातल्या धानपट्ट्यातही तो आहे.

आता या विषाणूचा प्रवास बघा. त्याचं मूळ बिऱ्हाड पाणथळीतल्या पक्ष्यांमध्ये: रातबगळे, ढोकऱ्या आणि त्यांचे भाऊबंद. पक्ष्याला सहसा काही होत नाही, पण त्याच्या रक्तात विषाणू काही दिवस भरपूर असतो. त्याला चावते ती धानाच्या बांधीत जन्मलेली क्युलेक्स जातीच्या डासाची मादी. तिच्यातल्या एका प्रकाराचं शास्त्रीय नाव क्युलेक्स विष्णुई. या नावावरून आमच्या कार्यालयात जे विनोद व्हायचे ते इथे सांगण्याजोगे नाहीत. मादीला रक्त लागतं ते अंड्यांसाठी. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. रक्तासोबत विषाणू तिच्या पोटात जातो आणि तिथे त्याची खरी परीक्षा असते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत त्याला शिरता आलं पाहिजे, वाढता आलं पाहिजे, अस्तर ओलांडून पलीकडे पडता आलं पाहिजे. पुष्कळ डासांमध्ये तो इथेच अडकून संपतो. जो निसटतो तो सगळ्या शरीरात पसरत लाळग्रंथींपर्यंत पोचतो. याला साधारण दीड-दोन आठवडे लागतात, हवा उष्ण असेल तर कमी. तोवर ती मादी चावली तरी या आजारापुरती निरुपद्रवी. त्यानंतर मात्र मरेपर्यंत तिची लाळ विषारी.

लोकांची समजूत अशी की डास एकाचं रक्त दुसऱ्याला टोचतो. तसं होत नाही. डासाच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. काही कातडी कापतात, एकीतून रक्त वर ओढलं जातं, आणि एका वेगळ्या सुईतून लाळ खाली सोडली जाते, कारण लाळेशिवाय रक्त गोठेल आणि सोंड तुंबेल. विषाणू उतरतो तो या लाळेतून. म्हणजे मादी रक्त घेण्याआधी आपल्याला काहीतरी देते, आणि आपण काय दिलं याची तिला गंधवार्ताही नसते. तिला स्वतःला आजार होत नाही. ती अंडी घालते आणि पुन्हा रक्त शोधायला निघते.

आमच्या शास्त्रात डास चतुरिंद्रिय: स्पर्श, रस, गंध आणि डोळे आहेत, कान नाहीत. (डासांच्या मिशा आवाज टिपतात हे आता माहीत झालेलं आहे, शास्त्रीबुवांशी या एका मुद्द्यावर माझा वाद आहे, तो राहू दे.) महत्त्वाचं म्हणजे तो असंज्ञी, मन नसलेला. हेतू धरण्याची शक्तीच नाही. आणि जैन विचारात हिंसेचा गाभा प्राण जाण्यात नाही, प्रमादात आहे. बेसावधपणाने, राग-लोभाच्या आहारी जाऊन प्राण घेणं ती हिंसा. जपून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली अवचित किडा आला तर मुनीला दोष नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच मेलं नाही तरी त्याला दोष आहे, असं आचार्य सांगतात. या मापाने मोजलं तर मेंदूज्वराने गेलेल्या मुलाचा खुनी डास नाही. तो निमित्त.

मग निमित्तांची रांगच लागते. बगळा निमित्त. डुक्कर तर मोठंच निमित्त, कारण विषाणू डुकराच्या रक्तात पक्ष्याइतकाच किंवा जास्त वाढतो. डुक्कर गावात असतं, माणसाच्या दाराशी असतं, आणि त्याची नवी पिल्लं दर वर्षी येतात, ज्यांच्या रक्तात या विषाणूला अडवणारं काही नसतं. धानाचं पाणी निमित्त. धानात टाकलेला युरियाही निमित्त. नत्राच्या खताने बांधीतल्या अळ्या वाढतात, हे तामिळनाडूतल्या भातशेतांत तपासून दिसलेलं आहे. गाय या रांगेत उलट्या बाजूला उभी आहे. या डासांना गुरांचं रक्त सगळ्यात जास्त आवडतं, आणि गुरांच्या रक्तात हा विषाणू पुरेसा वाढत नाही, म्हणून गायीला चावलेल्या डासाची फेरी फुकट जाते. अर्थात गोठ्याच्या आधाराने डासांची संख्याही वाढते, त्यामुळे गोमातेचा महिमा गाणाऱ्यांनी इथे जरा जपून.

आणि शेवटी माणूस. माणसाच्या रक्तात विषाणू थोडाच वेळ आणि थोडाच असतो, पुढच्या डासाला लागण व्हावी इतका नसतो. विषाणूच्या दृष्टीने माणूस हा बंद बोळ. सुमारे अडीचशे लागणींमागे एखाद्यालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना ताप येतो किंवा कळतही नाही. पण ज्या मुलाच्या मेंदूपर्यंत विषाणू पोचतो त्याला ताप, वांत्या, झटके, बेशुद्धी. अशांपैकी दहांतली तीनपर्यंत मुलं दगावतात. वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांना कायमचं काहीतरी राहतं: हात लुळा, बोलणं गेलेलं, फिट्स. विषाणू मारणारं औषध अजून नाही.

मला छळलं ते या बंद बोळानं. वाघ हरीण मारतो तेव्हा वाघाचं पोट तरी भरतं. इथे मुलाच्या मरणाने डासाला काही मिळत नाही, आणि विषाणूलाही नाही, तो मुलाबरोबरच संपतो. एवढ्या मोठ्या दुःखाच्या बदल्यात सृष्टीत कुणाचंच काही भलं झालेलं नाही. पुराणिक लोक ‘यातही काहीतरी योजना असेल’ म्हणतात तेव्हा मला या ठिकाणी योजना दाखवा असं म्हणावंसं वाटतं. आम्हां जैनांना तशी सोय नाही. जग चालवणारा ईश्वरच आम्ही मानत नाही, त्यामुळे त्याला जाब विचारायचाही प्रश्न नाही आणि त्याच्या योजनेवर भार टाकायचाही नाही.

आम्हाला दुसरी सोय आहे, आणि ती जास्त धोक्याची आहे. कर्म. असातावेदनीय कर्माचा उदय झाला की दुःख येतं. आयुकर्म संपलं की जीव जातो. माझ्या एका नातलगाने, चांगला स्वाध्याय करणाऱ्या माणसाने, मला जेवताना सांगितलं की त्या मुलांचं पूर्वकर्मच तसं असणार, डास काय नि तू काय, निमित्तमात्र. मी ताटावरून उठलो नाही, पण घास उतरला नाही. त्या मुलाच्या आईच्या तोंडावर हे वाक्य बोलून दाखवावं आणि मग त्याला सिद्धांत म्हणावं. कर्माचा विचार माणसाला दिलाय तो स्वतःचा हिशेब तपासायला. तो दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवला की त्यातला धर्म जातो आणि उरतो तो फक्त बघ्याचा निवांतपणा. मी कर्मसिद्धांत मानतो. दुसऱ्याच्या मुलाबाबत तो वापरणं मी माझ्यापुरतं वर्ज्य केलेलं आहे, जसं कंदमूळ.

निमित्ताबद्दल आणखी एक सांगायला हवं. निमित्त ओळखणंही सोपं नसतं. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात 1965 साली एक निराळाच विषाणू सापडला, त्याला गावाचंच नाव मिळालं. तो डासातून येत नाही, वाळूमाशीतून येतो. 2003 साली आंध्रात आणि आपल्याकडे विदर्भात मुलं एक-दोन दिवसांच्या तापात जाऊ लागली तेव्हा पहिला संशय जपानी मेंदूज्वरावर होता, निघाला चांदिपुरा. गोरखपूरकडे तर लसीकरण वाढल्यावरही मेंदूज्वराची मुलं येतच राहिली, आणि पुढे कळलं की त्यांतल्या पुष्कळांना स्क्रब टायफस होता, गवता-झुडपातल्या बारीक किडीच्या चाव्यातून येणारा, आणि तो वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होणारा. म्हणजे एकाच्या नावावर दुसऱ्याचे गुन्हे लागत होते, आणि या चुकीपायी औषध असूनही उपचार हुकत होता. हेतू नसलेल्या जिवावर राग धरण्यात हा व्यावहारिक तोटाही आहे. राग आला की माणूस पुढचं बघत नाही.

राग डासापुरता राहत नाही, हेही मी पाहिलंय. साथीची बातमी आली की गावातल्या डुकरं पाळणाऱ्या घरांकडे बोटं जातात. ती घरं आधीच वेशीबाहेरची, गरिबांची. डुकरं वस्तीपासून लांब ठेवावीत, हे आम्हीही सांगत असू आणि ते बरोबरच आहे. पण ‘तुमच्यामुळे पोरं मेली’ हे वाक्य मी जितक्या सहज उच्चारलेलं ऐकलं तितक्या सहज ‘आमच्या बांध्यांमुळे मेली’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही. बांध्या तर सगळ्यांच्या होत्या.

आता माझ्या हातातल्या नळीकडे येतो. श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेले आहेत. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी. चूल-पाणी, झाडलोट यांत होणारी ती आरंभी. शेती-धंद्यात होणारी ती उद्योगी. आणि स्वतःचं वा आपल्या माणसांचं रक्षण करताना होणारी ती विरोधी. पहिली गृहस्थाने सोडायचीच. उरलेल्या तिन्ही शक्य तेवढ्या कमी करायच्या. माझी हिंसा कुठल्या खान्यातली? नोकरी म्हणून पाहिलं तर उद्योगी. मुलांच्या रक्षणासाठी म्हटलं तर विरोधी. पण डास शत्रू नाही, हे मी आत्ताच कबूल केलं. आणि नळीत ओढलेल्या डासांपैकी बहुतेकांत विषाणू नसतोच. मोठ्या पुंजक्याच्या पुंजक्यांत एकही सापडला नाही, असं कितीदा तरी व्हायचं. निर्दोष आहेत हे कळावं म्हणून मी त्यांना मारत होतो. याला संकल्पी नाही तर काय म्हणायचं?

एका चातुर्मासात मी हा प्रश्न एका मुनिमहाराजांपुढे ठेवला. पावसाळाभर मुनी एका ठिकाणी राहतात ते वाटेतले जीव चिरडू नयेत म्हणून, आणि डासांचा हंगामही नेमका तोच. महाराजांच्या पाठीवर, खांद्यावर चाव्यांचे लाल ठिपके होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, ‘हा परीषह मी घेतलेला आहे. त्या मुलांनी घेतलाय का?’

मला पुरलं. सोसणं हे तप आहे ते स्वतः निवडलेलं असतं म्हणून. दुसऱ्याच्या वाटचं सोसणं आपण शांतपणे बघत बसणं याला तितिक्षा म्हणत नाहीत. माझ्या खात्यावर हिंसा आहे, ती कुठल्या खान्यात घालायची ते घालोत. तिच्यातून सूट मी मागत नाही. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीला आम्ही एकमेकांची आणि सर्व जिवांची क्षमा मागतो. मी डासांचीही मागत आलो. पुन्हा असं करणार नाही, ही प्रतिज्ञा मात्र तेव्हा केली नाही, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला नळी घेऊन गोठ्यात जायचंच असायचं. अशी क्षमायाचना अपुरी असते हे मला माहीत आहे.

पण कमी हिंसेची वाट शोधणं तरी हातात असतं, आणि याबाबत या आजाराचा इतिहास माझ्या मते धर्मकथेच्या लायकीचा आहे. आपल्याकडे पूर्वी या आजाराची लस कसौलीच्या संस्थेत उंदरांच्या मेंदूपासून बनवत. प्रत्येक खेपेला नवे उंदीर. 2006 पासून चीनमधली लस आली, ती हॅमस्टरच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींवर वाढवलेली. मग 2013 साली भारतातच बनलेली लस आली, कर्नाटकात कोलारकडे सापडलेल्या विषाणूपासून, आणि ती वाढवतात व्हेरो पेशींवर. या पेशी 1962 साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या. त्यांचीच संतती प्रयोगशाळांत आजतागायत वाढते आहे. उंदरांच्या पेट्यांपासून एका माकडापर्यंत. शून्य हिंसा कुठेच नाही, पण या उतरणीची दिशा आज्जीला पटली असती.

धूर फवारणीबद्दल मला तितकं चांगलं बोलता येणार नाही. तिने उडता डास मरतो, बांधीतली अळी तशीच राहते, आणि शेतात-झुडपात विसावणारा हा डास घराच्या भिंतींवरच्या औषधालाही फारसा सापडत नाही. शिवाय धूर सोडायची गाडी बहुधा गावात पहिला मृत्यू झाल्यावर पोचते. ज्या फवारणीने जीव तर मरतात पण कुणी वाचत नाही, ती माझ्या हिशेबी या सगळ्या कामातली सगळ्यात निव्वळ हिंसा. फोटो मात्र चांगले येतात.

प्रमाद इथे आहे. डासाला मन नाही, बगळ्याला ठाऊक नाही, डुक्कर बापडं चिखलात लोळतंय. ज्याला कळतं असा या साखळीत एकच प्राणी आहे. लस आरोग्य उपकेंद्राच्या शीतपेटीत पडून आहे आणि पोराला नेलं नाही, मच्छरदाणी आहे आणि ती गाठोड्यात आहे, यादीतलं नाव राहून गेलं आणि कुणी घरी विचारायला गेलं नाही, यात कुणी कुणाला मारायचा संकल्प केलेला नसतो. आचार्यांनी ज्याला हिंसा म्हटलं ती ही.

तुमचा जिल्हा या आजाराच्या यादीत असेल तर सरकारी केंद्रात ही लस फुकट मिळते. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, गोवराच्या लसीबरोबर. दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. पहिल्याला बहुतेक जण येतात. दुसऱ्याच्या वेळी रोवणी असते, लग्नसराई असते, पोर चांगलं खेळत असतं, आणि जाऊ पुढच्या महिन्यात असं होतं. दुसरा चुकवू नका.